चपटं डोकं ‘आपोआप’ किती सुधारतं?
बाळाचं एका बाजूने चपटं झालेलं डोकं उपचारांशिवाय सुधारतं का? मान सावरली, बाळ पालथं पडू लागलं की दाब कमी होतो, आकार भरतो. पण किती? न्यूझीलंडमध्ये २०० बाळांना दोन वर्षं मोजलं: चौथ्या महिन्यात चपटेपणा १९.७ टक्के, दोन वर्षांनी ३.३. नेदरलँड्सच्या २०१४ च्या चाचणीत मात्र हेल्मेट न घातलेल्यांपैकी दोन वर्षांची होईपर्यंत पूर्ण बरी झाली फक्त २३ टक्के! (हेल्मेटवाली २६.) गोंधळलात ना? पहिल्या अभ्यासात सरसकट बाळं होती; दुसऱ्यात मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेलीच. म्हणजे छेदच वेगळा. शिवाय ‘मर्यादेत आलं’ म्हणजे ‘पूर्ण बरं झालं’ नव्हे. मी हे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडले होते. गाईडनी लाल पेनाने खोडले.