पेजेतला कच्चा मासा आणि जंतूचा सातबारा

शेततळ्यात मासे सोडणाऱ्याच्या मनात एक धास्ती कायम असते. कुठंतरी ‘मासे खाऊन माणसं आजारी पडली’ अशी बातमी येते आणि इथला बाजार बसतो. २००६ साली नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, तेव्हा लांबच्या जिल्ह्यांतल्या पोल्ट्रीवाल्यांचा मालही कुणी उचलेना, हे आपण पाहिलंय. रोगाचं मूळ नेमकं सापडलं, तर असं सरसकट नुकसान टळू शकतं. सिंगापूरची हकीकत त्यासाठीच सांगतो.

२०१५ च्या पहिल्या सहामाहीत तिथल्या दवाखान्यांत स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी या जंतूचे रुग्ण एकाएकी वाढले. नाव परकं वाटलं, तरी हा जंतू आपल्या गोठ्याला नवा नाही. गाईची कास सुजते, जिला आपण दगडी म्हणतो, ती करणाऱ्या जंतूंपैकी हा एक. नावाचा अर्थच ‘दूध आटवणारा’. माणसांत तो एरवी तान्ही बाळं, म्हातारी माणसं आणि शुगरचे रुग्ण यांना गाठतो. सिंगापुरात मात्र धडधाकट माणसंही पडली. कुणाच्या मेंदूच्या आवरणाला सूज, कुणाच्या सांध्यात पू.

डॉक्टरांनी रुग्णांना खाण्यापिण्याचं विचारलं. तिथं तांदळाच्या पेजेबरोबर कच्च्या माशाचे पातळ काप खायची रीत होती. हे मासे गोड्या पाण्यातले : बिगहेड कार्प आणि आपल्या मरळीच्या जातकुळीतला टोमन. संशय आला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

मग जंतूची जनुकं वाचली गेली. आधी ठरावीक सात जनुकं पाहून जंतूचा गट ठरवतात. तो निघाला २८३ नंबरचा. जमिनीचा गट नंबर कळावा तसंच हे. पुढं जंतूची सगळी, वीस-एकवीस लाख अक्षरांची जनुकसाखळी वाचली. जंतू वाढताना अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. सातबाऱ्यावरचे फेरफार पाहून जमीन कुणाकडून कुणाकडं गेली ते कळतं, तसं या बदलांवरून जंतूंची भाऊबंदकी कळते. रुग्णांतले आणि माशांतले २८३ चे जंतू जवळजवळ अक्षराला अक्षर जुळले.

नुसत्या जुळण्यानं कुणी कुणाला दिला ते सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णांची विचारपूस तितकीच मोलाची ठरली. जुलैमध्ये या दोन माशांचे कच्चे काप विकणं थांबवलं आणि रुग्ण घटले. डिसेंबर २०१५ मध्ये बंदी आली, ती गोड्या पाण्यातले मासे कच्चे वाढण्यावर. शिजवलेल्या माशावर बंदी आली नाही. मूळ सापडल्यामुळं बंदी नेमकी बसली.

पुढं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आग्नेय आशियातल्या इतर देशांतल्या रुग्णांतही हाच गट मिळाला, आणि आजारी तिलापियातही, म्हणजे आपल्या चिलापीत. २०२१ मध्ये हाँगकाँगला रुग्ण वाढले, तेव्हा जखमेच्या हातानं मासळी हाताळू नका, असं तिथं सांगण्यात आलं.

आपण मासा शिजवून खातो, आणि नीट शिजवल्यावर हा जंतू मरतो. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण सावध राहा. मासा आतपर्यंत शिजू द्या. हाताला काप किंवा चीर असेल, तर मासे धरताना, साफ करताना रबरी हातमोजे घाला. कच्च्या मासळीची विळी, पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.

तळ्यावर उन्हाळ्यात लक्ष ठेवा. पाणी तापलं, दाटी झाली, की हा रोग बळावतो. मासा गिरक्या घेत पोहतो, डोळे बाहेर येतात, मर सुरू होते. असा मासा बाजारात नेऊ नका. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा. मनानं अँटिबायोटिक ओतू नका. मरणाला टेकलेले दोन-चार मासे बर्फात ठेवून लगेच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

आणि एक वही घाला. बोटुकली कुठून आणली, कधी सोडली, मर कधी झाली, माल कुणाला दिला, सगळं लिहा. प्रयोगशाळा जंतूचं कूळ सांगेल, पण तो कुठल्या तळ्यातून आला आणि कुठल्या तळ्यातून आला नाही, हे दाखवायला तुमची वहीच कामी येईल.