घरी न परतणारा वायपर

वायपरच्या दांडीवरचा ‘ऑफ’ हा शब्द थोडा फसवा आहे. दिवा बंद केला की त्याच क्षणी विझतो. पंखा बंद केला की कुठेही थांबतो. त्याचं पातं खिडकीकडे राहिलं की दाराकडे, याची कुणाला फिकीर नसते. वायपरला ‘ऑफ’ म्हणताना मात्र आपल्या मनात असतं, ‘हातातली फेरी पुरी कर, मग खाली जाऊन आडवा हो.’ स्विच बंद केल्यावरही मोटर क्षणभर चालत राहते, ती ही आज्ञा पाळण्यासाठी. आज्ञेची साखळी कुठे तुटली की वायपर काचेच्या मधोमध उभा राहतो, नाहीतर थांबायचं नावच घेत नाही.

पुण्यात हे दुखणं उघडं पडतं ते वळवाच्या पहिल्या सरीला. दिवाळीनंतर सहा-सात महिने वायपरकडे कुणी पाहत नाही. ब्लेडचं रबर उन्हात कडक होतं, सांध्यांतलं ग्रीस धुळीत मिसळून घट्ट होतं. मग मे महिन्यात एका संध्याकाळी शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकात सिग्नलला थांबलेलं असताना आभाळ फाटतं. हवामान खात्याची कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून याच चौकात आली आणि चौकाला नाव देऊन गेली. पाऊस थांबतो, वायपर बंद केला जातो आणि दोन्ही पाती डोळ्यांसमोर उभी राहतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पहिला निकाल मिळतो, “मोटर गेली साहेब, नवीन टाकू.” पण मोटर तर फिरते आहे! तिला फक्त कुठे थांबायचं ते कळत नाही. म्हणून नाना पेठेत सुटे भाग शोधायला निघण्याआधी वायपर कुठे आणि कसा थांबतो, हे नीट पाहावं. बरंचसं निदान तिथेच लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पातं आतल्या दांड्यानं हातानेच हलवायचं होतं. नेणारा हात परतही आणत होता. हाताची जागा मोटरनं घेतली आणि ‘घर कुठे’ हे यंत्राला शिकवावं लागलं.

हे शिकवण्याची युक्ती साधी आहे. मोटर मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते. तिच्या पुढचा वर्म गिअर हा वेग पन्नास-साठपट उतरवतो. त्या गिअरचा एक फेरा म्हणजे पात्याची एक जा-ये. गिअरच्या चकतीवर तांब्याचं कडं असतं आणि त्यात एका जागी खाच. कड्यावर स्प्रिंगच्या पत्त्या टेकलेल्या असतात. आपण वायपर बंद करतो तेव्हा मोटरचा नेहमीचा वीजपुरवठा तुटतो, पण या कड्यावरून दुसरी वाट उघडी राहते. पत्ती खाचेपाशी येईपर्यंत मोटरला १२ व्होल्ट मिळत राहतात. खाच आली की पुरवठा संपतो.

पण वीज तोडली म्हणून फिरतं यंत्र जागच्या जागी थांबत नाही. पत्ती खाच ओलांडून पुढे गेली तर पुन्हा कड्यावर येईल, पुन्हा वीज मिळेल आणि फेरा नव्यानं सुरू होईल. म्हणून खाचेपाशी आणखी एक गोष्ट घडते. मोटरची तीच तार अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते. मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली गेल्यावर ती जनित्रासारखी वागू लागते आणि तिच्यात निर्माण झालेला प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो. शाळेत शिकलेला लेन्झचा नियम तो हाच. खेळण्यातली मोटर घ्या, तिचा दांडा बोटांनी फिरवा. मग दोन्ही तारा एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवा. दांडा जड लागेल. वायपरचा ब्रेक तो एवढाच.

त्यातही एक सुंदर भूमितीय सवलत आहे. पातं जिथे आडवं होतं, तो त्याच्या झोक्याचा शेवट असतो. झोपाळा टोकाला जसा क्षणभर थबकतो, तसं पातंही तिथे जवळजवळ स्थिर असतं. समजा, पातं ९० अंशांत फिरतं आणि त्याचं टोक खुंटीपासून ६० सेंटीमीटर लांब आहे. मोटरचा गिअर १० अंश चुकून थांबला, तर झोक्याच्या शेवटी टोक साधारण पाऊण सेंटीमीटर सरकतं. तीच चूक झोक्याच्या मध्यावर झाली, तर टोक आठ सेंटीमीटर लांब जातं. म्हणून थोडा सैल ब्रेकही खपून जातो आणि वायपर बोटभर वर थांबला तरी खालचा बिघाड मोठा असू शकतो.

आता लक्षणं वाचू. स्विच बंद करताच पातं असेल तिथेच थिजत असेल, तर दुसरी वाट, म्हणजे पार्किंगची वाट, बंद आहे: पत्त्या काळ्या पडल्या आहेत, पार्किंगची तार तुटली आहे, किंवा रिले अथवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधला संपर्क गेला आहे. किल्ली चालू ठेवून टेस्ट लॅम्पनं त्या तारेवर वीज येते का, हे वायरमन दोन मिनिटांत सांगतो. याउलट पातं घराशी येऊन न थांबता पुन्हा निघत असेल, तर ब्रेक लागत नाही. तिथे आधी अर्थचा गंजलेला जोड तपासावा. ओल्या काचेवर घर्षण कमी असतं, त्यामुळे हा दोष पावसात जास्त दिसतो.

दोन्ही पाती रोज एकाच चुकीच्या जागी थांबत असतील, तर वीज निर्दोष आहे. मोटर काढून पुन्हा बसवताना तिच्या दांड्यावरचा क्रँक तिरका लागला असावा. एकच पातं चुकत असेल, तर त्याची दांडी खुंटीच्या दात्यांवरून सरकली आहे. काच बदलल्यावर किंवा रंगकामानंतर असं होऊ शकतं. दांडी बसवण्याआधी मोटर एकदा चालवून घरी आणायची आणि मगच नट आवळायचा. पाती रोज वेगवेगळ्या जागी थांबत असतील आणि वळताना ‘खट्’ असा आवाज येत असेल, तर लिंकेजचे, म्हणजे मोटर आणि पाती जोडणाऱ्या दांड्यांचे, प्लास्टिकचे बुश झिजले असावेत.

एक सोपी परीक्षा रॉबर्ट कर्न्स यांच्या शोधावरून करता येते. पापणी जशी सतत न हलता मध्ये थांबून मिटते, तसा वायपर हवा, या विचारातून त्यांनी १९६० च्या दशकात थांबून-थांबून चालणारा वायपर बनवला. पुढे फोर्ड आणि क्रायसलर यांच्याविरुद्ध ते दीर्घ खटले लढले. नेहमीच्या रिलेच्या रचनेत, अधूनमधूनच्या या वेगात टायमर मोटरला फक्त एक धक्का देतो. उरलेली फेरी पार्किंगची वाटच पूर्ण करते. म्हणून या वेगात पातं प्रत्येक धक्क्याला थोडं-थोडंच पुढे सरकत असेल आणि सलग वेगात नीट चालत असेल, तर मोटर दोषी नाही, पार्किंगची वाट तुटली आहे.

काही वेळा बिघाड नसतोच. वायपर चालू असताना किल्ली बंद केली तर दोन्ही वाटांचा पुरवठा जातो आणि पाती अर्ध्यात अडकतात. किल्ली फिरवली की आपोआप घरी जातात. काही नव्या गाड्यांत ब्लेड बदलण्यासाठी पाती मुद्दाम उभी करण्याची सोय असते. मागे-पुढे फिरणारी इलेक्ट्रॉनिक मोटर असेल, तर खाच आणि पत्ती यांचं काम सेन्सर करतो. तिथे टेस्ट लॅम्प न लावता संगणकानं तपासणी करावी.

पुण्यात खऱ्या बिघाडाचं एक कारण झाडंही आहेत. गुलमोहर, शिरीष यांच्या सावलीत गाडी उभी करणं उन्हाळ्यात सुखाचं, पण त्यांची बारीक पानं बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीत साचतात. पाणी जायच्या वाटा तुंबतात आणि मोटरभोवती ओल राहते. पत्त्या काळ्या पडतात, अर्थ गंजतो. वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत वाहनांच्या चाचण्या होतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वायपरसाठी स्वतंत्र नियमही आहे. पण जाळीतली पानं उचलण्याची चाचणी ज्याची त्यानेच घ्यायची असते. हात घालण्याआधी किल्ली बंद करा, फ्यूज काढा. घरी जायला निघालेली मोटर बोटं पाहत नाही.

मे महिन्यात एका रविवारी पाच मिनिटं काढा. काचेवर पाणी शिंपडा, वायपर दहादा चालू-बंद करा आणि प्रत्येक वेळी तो कुठे थांबतो ते पाहा. दहाही वेळा एकाच जागी आडवा झाला, तर पावसाला यायला हरकत नाही. नाही झाला, तर गॅरेजमध्ये ‘वायपर बिघडलाय’ असं सांगू नका. ‘स्विच बंद केला की असेल तिथेच थांबतो’ किंवा ‘घराशी येऊन परत निघतो’ असं सांगा. मग नव्या मोटरची गोष्ट निघण्याआधी कदाचित एखादी पत्ती घासली जाईल.