पाण्याचे वाफे मोठे, वाणांचे वाफे लहान : प्रयोगाचा तक्ता कसा वाचावा?

गव्हाच्या प्रयोगाच्या तक्त्यात वाणांमधील फरक 'लक्षणीय' ठरतो आणि पाण्याच्या पाळ्यांमधील तेवढाच फरक 'लक्षणीय नाही' असा शेरा असतो. हे कसे, अशी शंका शेतकरी बंधूंना येणे रास्त आहे. उत्तर प्रयोगाच्या मांडणीत आहे.

वाण वाफ्यागणिक बदलता येतो, पाण्याचे तसे नाही. तीन पाळ्यांच्या वाफ्याला खेटून सहा पाळ्यांचा वाफा ठेवला, तर पाणी पाझरून शेजारी जाते. म्हणून पाण्यासाठी मोठे वाफे पाडतात, मध्ये मोकळी पट्टी सोडतात आणि मोठ्या वाफ्याचे लहान भाग करून त्यांत वाण पेरतात. चिठ्ठ्या दोनदा टाकतात : आधी मोठ्या वाफ्यांसाठी पाण्याच्या, मग प्रत्येकाच्या आत वाणांच्या. हीच स्प्लिट प्लॉट पद्धत.

समजा, पाण्याचे ३ प्रकार, ४ वाण आणि ४ पुनरावृत्ती आहेत. लहान वाफे ४८ झाले, पण मोठे फक्त १२. एका पाणीप्रकाराचे लहान वाफे १६ दिसतात. खरे साक्षीदार मात्र ४ मोठे वाफेच. एकाच घरातल्या चौघांची साक्ष ही चार घरांची साक्ष नव्हे. एखादा मोठा वाफा खोलगट, भारी जमिनीत आला की त्यातले चारही वाण एकदम वधारतात आणि श्रेय पाण्याला जाते. म्हणून प्रायोगिक चूक दोन ठिकाणी वेगवेगळी काढतात. पाण्यासाठी मुक्तांश ६, वाणांसाठी २७. पाच टक्के पातळीला 'टी' चे मूल्य अनुक्रमे २.४४७ व २.०५२. शिवाय मोठ्या वाफ्यांची चूक बहुधा जास्तच असते. दोन्ही चुका एकत्र केल्या तर नसलेला फरक खरा वाटून शेतकरी जादा पाळीचा खर्च करून बसेल.

हा घोटाळा थोरांकडूनही झाला आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील बटाट्याच्या १२ वाणांच्या खतप्रयोगाचे विश्लेषण फिशर व मॅकेंझी यांनी १९२३ मध्ये एकाच चुकीवर केले. फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ते दोन चुका वेगळ्या काढून पुन्हा मांडले.

तेव्हा तक्त्याखाली पाणी व वाण यांचे क्रांतिक फरक वेगवेगळे दिले आहेत का, ते आधी पाहावे. एकच आकडा असेल तर जरूर विचारावे. 'लक्षणीय नाही' म्हणजे फरक सिद्ध झाला नाही, एवढेच.

आपल्या शेतात अर्ध्या एकरावर ठिबक, अर्ध्यावर मोकाट पाणी देऊन दोन्हीकडे चार-चार वाण पेरले, तर वाणांचा थोडाफार अंदाज येईल, ठिबकचा नाही. तिथे एकाला एकच तुकडा आहे.