उष्णतेची टिचकी

मडके विकत घेताना आपण काय करतो? ते हातावर धरतो, बोटाने टिचकी मारतो आणि कान देतो. खणखणीत वाजले तर घेतो. बद्द वाजले तर कुंभाराला परत देतो. मडके न फोडता त्यातली चीर ओळखण्याची ही परीक्षा आपल्या आजीलाही येत होती. आज सांगायचे आहे ते अशाच एका टिचकीबद्दल. मात्र ही टिचकी बोटाची नव्हे, उष्णतेची. आणि मडक्याच्या जागी आहे विमानाचा पत्रा.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान सुमारे २४,००० फुटांवर असताना त्याच्या पुढच्या भागाचे छतच उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. ती सापडली नाही. वैमानिकांनी तशाही स्थितीत विमान खाली उतरवले. चौकशीत काय दिसले? पत्र्यावर पत्रा चढवून जिथे सांधला होता तिथला चिकटा सुटला होता, आत गंज शिरला होता, रिव्हेटांच्या भोकांपाशी बारीक चिरा पडल्या होत्या. पत्र्याची जाडी जेमतेम ०.९ मिलिमीटर! जुनी विमाने तपासण्याच्या पद्धतींवर त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. उष्णतेची टिचकी ही त्यांपैकी एक.

झेनॉन वायूचे प्रखर दिवे एकदाच लखकन चमकवतात. पत्र्याचा पृष्ठभाग तापतो, मग उष्णता आत उतरू लागते तसा तो निवू लागतो. हे निवणे अवरक्त कॅमेरा टिपतो. पदार्थ खोलवर भरीव असेल तर चौपट वेळाने तापमानातली वाढ निम्मी उरते, नऊपट वेळाने एक तृतीयांश. पण मागे हवा आली, म्हणजे पत्रा संपला किंवा सांधा सुटलेला असला, की उष्णता तिथे अडते आणि वरचे निवणे मंदावते. ते केव्हा मंदावले यावरून जाडी काढता येते. ही वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट.

आता खरी गोम. १९६१ साली अमेरिकेत पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चमकेने पदार्थांतून उष्णता किती लवकर पसरते हे मोजले, तेव्हा चमक शून्य वेळात संपते असे धरले होते. गणिताला ते सोयीचे पडते. पण मग चमकेच्या क्षणी पृष्ठभागाचे तापमान अनंत येते! हे फळ्यावर मांडले की वर्गातली मुले हसतात. हसू द्यावे, त्यांचे बरोबर आहे. खरी चमक काही मिलिसेकंद टिकते. झटकन चढते आणि शेपटी लांबवत ओसरते. टिचकी मारून बोट मडक्यावरच ठेवले तर नाद बिघडतो ना, तसेच.

हे नेहमीच आड येते असे नाही. कार्बन तंतूंच्या पत्र्यात उष्णता सावकाश चालते. १ मिलिमीटर जाडीला साधारण २ सेकंद लागतात. तिथे ५ मिलिसेकंदांची काय कथा? पण विमानाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत ०.९ मिलिमीटरला सुमारे १६ मिलिसेकंदच लागतात. समजा, गंजाने पत्रा ०.६ मिलिमीटर उरला. मग वेळ सुमारे ७ मिलिसेकंद. चमकेची उष्णता सरासरी ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचली आणि आपण ती शून्य क्षणी पोहोचली असे धरले, तर मोजणीत १० मिलिसेकंद येतात आणि पत्रा ०.७ मिलिमीटर वाटतो. शिक्षक बंधूंनी वर्गमूळ काढून पाहावे. चूक नेमकी नको त्या बाजूला: झिजलेला पत्रा आहे त्याहून जाड दिसतो.

म्हणून चमकेचे खरे रूप गणितात आणावे लागते. तिचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र छोटी टिचकी समजायची आणि सगळ्यांचे परिणाम आपापल्या उशिरासह मिळवायचे. लार्सन आणि कोयामा यांनी १९६७ साली अतिपातळ नमुन्यांसाठी झटकन चढून हळूहळू ओसरणाऱ्या चमकेचे सूत्र वापरले. अझुमी आणि ताकाहाशी यांनी १९८१ साली त्याहून सोपी वाट दाखवली. गाडीत ओझे कसेही पसरलेले असले तरी त्याचा एक गुरुत्वमध्य असतो. तसा चमकेचाही मध्य काढावा आणि घड्याळ तिथून सुरू करावे. मला ही युक्ती फार आवडते. अर्थात पत्रा फारच पातळ असला, तर ती अपुरी पडते आणि तुकड्यांची बेरीज करावीच लागते.

शिवाय चमक विझली तरी तापलेले दिवे स्वतः उष्ण किरण सोडतच राहतात. ते अडवण्यासाठी दिव्यांपुढे पारदर्शक ॲक्रिलिकचा तक्ता धरतात. त्यातून उजेड जातो, पण हे उष्ण किरण बहुतेक अडतात. आणि दिव्याची चमक कशी चढते-उतरते हे प्रकाशमापकाने प्रत्यक्ष नोंदवून घेतात. दिवे बदलले, की ही नोंद पुन्हा करायची.