नेट नाही, पण वायफाय आहे!

ज्यांचं ऐकायचं राहिलं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आमचं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा भरायचा, याचे व्हिडिओ काकाजींनी मोबाइलवर काढले. नवीन पोरांना ते व्हॉट्सअॅपवर पाठवले, तर व्हॉट्सअॅपनं दाबून लहान केले. टी आकाराची चीर दिसे, पण साल किती उचलली ते दिसेच नाही. कलम तर तिथंच बिघडते! मूळ फाइली दोन जीबीच्या, अन् नर्सरीत रेंज एक कांडी. मंग कसं करा लागते?

आधी एक गैरसमज काढू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय ही फक्त न दिसणारी वायर. तिच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप असला तरी चालते. मग राउटरचं काम लॅपटॉपच करतो: पासवर्ड तपासतो, प्रत्येक फोनला आयपी पत्ता देतो.

विंडोज १० मध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे, आठ फोन जोडता येतात. पण वाटायला नेटच नसेल, तर ते सहसा सुरूच होत नाही. मी तिथंच अडकलो. म्हणून उबुंटू घेतलं. वायफाय सेटिंग्जमध्ये 'टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट' दाबलं, झालं. लॅपटॉपचा पत्ता सहसा १०.४२.०.१ असतो.

आता व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये राइट क्लिक, 'ओपन इन टर्मिनल', आणि इंग्रजीत टाइप करा: पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर. फोनच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपी://१०.४२.०.१:८००० टाका. 'एचटीटीपीएस' नाही हं, शेवटचा एस आला की पान उघडत नाही. फाइलींची यादी दिसते, हवी ती उतरवा. डेटापॅकमधला एक एमबी जात नाही.

पहिल्या दिवशी तरी अर्ध्या पोरांचं पान उघडेना. कारण? फोन म्हणतो 'या वायफायला इंटरनेट नाही' आणि गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करा, 'कनेक्टेड राहा' म्हणा.

आणि हो, त्या फोल्डरला वेगळं कुलूप नसते. वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला आतलं सगळं दिसते. मी आधी अख्खं डाउनलोड्स फोल्डर उघडं टाकलं होतं, त्यात माझं आधार कार्ड! आता व्हिडिओंचं फोल्डर वेगळं ठेवलं आहे. सगळ्यांनी एकदम उतरवायला घेतलं की वेग पडतो, म्हणून तिघा-तिघांचे नंबर लावतो. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहेच.