गोळीआधीचं एक मिनिट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचक विद्यार्थिनीने विचारलंय: डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी ट्यूटर आम्हाला पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावून अख्खं मिनिट ठोके मोजायला लावतात. शेजारी मॉनिटरवर आकडा दिसत असताना हा खटाटोप कशाला?

उत्तराची सुरुवात १७८५ मध्ये आहे. बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी त्या वर्षी फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या फुलांच्या झाडावरचं आपलं पुस्तक छापलं. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्यावरून त्यांना या पानांचा सुगावा लागला, इथवर खरं. तिचं नाव ‘मदर हटन’ होतं, ही मात्र विसाव्या शतकातल्या औषध कंपनीच्या जाहिरातीची करामत. ती अजूनही बिनदिक्कत छापली जाते. मला विदरिंग थोर वाटतात ते वेगळ्याच कारणासाठी. पान सापडलं ते योगायोगाने. थांबायचं कुठे, हे ठरवायला त्यांना जवळपास दहा वर्षं लागली. लघवी, पोट, नाडी किंवा आतडी, कशावरही परिणाम दिसला की औषध बंद, असा त्यांचा दंडक. मात्रा जास्त झाली तर उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

फॉक्सग्लोव्हच्याच कुळातल्या झाडापासून मिळणाऱ्या डिगॉक्सिनची रक्तातली पातळी आज मोजता येते. पण पातळी बेताची असूनही औषध बाधू शकतं, ते पोटॅशियममुळे. हृदयाच्या पेशींवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर पोटॅशियमची जी जागा, तिच्यावरच डिगॉक्सिनचाही डोळा असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशी पोटॅशियमने ती धरलेली असते. पायांवरची सूज उतरवायला लॅसिक्स चालू असेल, तर लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं. रुमाल गायब, डिगॉक्सिन ऐसपैस! (हृदयरोगतज्ज्ञ या उपमेवर नाक मुरडतील, मुरडोत बापडे.) त्यात किडन्या थकलेल्या असल्या तर औषध अंगात साठत जातं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस लिहून देतात, ते या भीतीपोटीच.

आता ते मिनिट. ही गोळी घेणाऱ्या अनेकांना एट्रियल फिब्रिलेशन असतं, म्हणजे ठोके बेताल. काही ठोके इतक्या घाईने पडतात की हृदय पुरतं भरलेलंच नसतं. रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. मनगटावर ५६ लागलेले ठोके छातीवर ८४ भरू शकतात. मनगटावर विसंबलात तर हवी असलेली गोळी रोखाल. मॉनिटरचा आकडा बोटाच्या क्लिपवरून येत असेल तर तोही असाच फसवतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सोय इथे नाही, कारण पुढचे पंधरा सेकंद मागच्यासारखे नसतात. म्हणून डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये स्टेथोस्कोप, आणि नजर घड्याळावर. मोठ्या माणसात ठोके साठच्या खाली भरले तर गोळी थांबवायची, नोंद करायची, डॉक्टरांना कळवायचं. लहान मुलांसाठी ही मर्यादा वरची असते.

आणि एक गंमत आकड्यात दिसतच नाही. एखाद्या आजोबांचे परवापर्यंत बेताल असलेले ठोके आज एकदम शिस्तीत पडताहेत, मिनिटाला ६४. साठच्या वर, नियमात बसणारे. घरचे खूश. पण डिगॉक्सिन चालू असताना ही शिस्त संशयास्पद असते: हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले संदेश खाली पोचायचे बंद झाले असतील आणि खालचा भाग स्वतःच्या चालीने ठोके देत असेल. अशा वेळी गोळी हातातच ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचं, ईसीजी काढायचा. आणि तो येईपर्यंत आजोबांना विचारायचं की दोन दिवसांत जेवण जातंय का, मळमळतंय का, भिंत पिवळी दिसते का.