उपमा कुठे संपते, रूपक कुठे सुरू होते?

‘बांधीतला धान सोन्यासारखा पिवळा आहे.’ ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात सहज सुचावे असे हे वाक्य उपमेचे आहे. धान हे उपमेय, सोने हे उपमान, पिवळेपणा हा दोघांतला समान धर्म आणि ‘सारखा’ हा साम्य सांगणारा शब्द. दोन्ही वस्तू जवळ आल्या, पण वेगळ्याच राहिल्या. ‘धान हेच शेतकऱ्याचे सोने’ असे म्हटले की तो वेगळेपणा मिटतो, हे रूपक. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हणूनच रूपकाला भेद झाकला गेलेली उपमा मानले.

मात्र केवळ ‘सारखा’ गाळल्याने रूपक होत नाही. ‘धान म्हणजे जणू सोनेच’ यात ती केवळ कल्पना राहते, ती उत्प्रेक्षा. ‘बांधीत सोने डुलते आहे’ यात तर धानाचे नावच नाही. परंपरेने हा अतिशयोक्तीचा प्रकार मानला. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हवीत.

बोलण्यातली रूपके तर लक्षातही येत नाहीत. पूर्व विदर्भाला ‘धानाचे कोठार’ म्हणताना भिंती-दारे कुणाला आठवत नाहीत, आणि वैनगंगेचे ‘पात्र’ म्हणताना भांडे डोळ्यांपुढे येत नाही.